टकलावरचे चार पट्टे

पद्मजाच्या हातातली चकचकीत डबी पाहिली आणि भालचंद्र सबनीसांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तशी ती पाल फारशी कधी झोपत नसेच. दुधाची पिशवी, गॅसचं सिलिंडर, सोसायटीच्या सेक्रेटरीचं हसू, काहीही समोर आलं की ती चुकचुके. पण ही डबी गाझियाबादहून आली होती आणि ती पाठवणारी बाई पद्मजाची सासू व्हायच्या बेतात होती.

"काय आहे हे?" सबनीसांनी विचारलं.

"शिमर, बाबा. हायलायटर. गालावर लावतात. जयंतच्या आईंनी पाठवलाय. त्यांची स्वतःची फॅक्टरी आहे ना, तिथला."

"आणि असतं काय यात, एवढं चमकायला?"

"मागे लिहिलंय सगळं. वाचा आरामात. मेट्रो सुटेल माझी, चलो, बाय!"

वाचा आरामात, हे सबनीसांना सांगण्याची गरज नव्हती. त्यांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका खात्यात रंग तपासण्यात गेली होती. रेल्वेच्या वाघिणींचा रंग, पुलांचा रंग, टपालपेट्यांचा रंग. कंत्राटदार नमुना आणून देत. सबनीस तो पत्र्याच्या गुळगुळीत तुकड्यावर फासत, उन्हात ठेवत, घासत, धूत आणि शेवटी नापास करत. पहिलाच नमुना पास केला तर लोक काय म्हणतील, अशी त्यांना कायम धास्ती असे.

निवृत्त होऊन दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये बसल्यावर तपासायला रंग उरला नाही, तेव्हा त्यांनी मुलीची स्थळं तपासायला घेतली. पुण्याचा इंजिनिअर फार पटकन हो म्हणाला म्हणून नापास झाला, ग्वाल्हेरचा डॉक्टर फार उशिरा हो म्हणाला म्हणून. नागपूरच्या बँकवाल्याने न विचारता आपला पगार सांगितला, तेव्हा त्यात काहीतरी पाणी मुरतंय हे सबनीसांनी ताबडतोब ओळखलं. जयंत रणदिवे हे स्थळ मात्र पद्मजाने स्वतः आणलं होतं. तो तिच्याच ऑफिसात होता. "बाबा," ती म्हणाली होती, "हे शेवटचं. हे मोडलंत तर मी पुन्हा कुणासमोर बसणार नाही. आणि मला परत विचारूही नका."

ती हे शांतपणे म्हणाली होती. त्यामुळेच सबनीसांनी ते मनावर घेतलं होतं. पद्मजा त्यांची एकुलती एक मुलगी, आणि तिला दुःखी पाहणं त्यांना सहन होत नसे. हे स्थळ मोडावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. पण मुलगी द्यायची आणि तपासणी करायची नाही, हे त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. रविवारी संध्याकाळी पाच वाजता रणदिवे मंडळी बैठकीला येणार होती. त्याआधी जे काही करायचं ते करून घ्यायला हवं होतं.

त्यांनी भिंग काढलं, डबी खिडकीशी नेली आणि उलटी केली. बारीक अक्षरं वाचता वाचता त्यांच्या भुवया वर वर जाऊ लागल्या.

"वासंती! अगं, इकडे ये आधी!"

वासंतीबाई हातातली लसणाची कुडी तशीच घेऊन बाहेर आल्या. लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झाली होती. नवऱ्याच्या आवाजावरून आता कुठली वस्तू पकडली गेली आहे हे त्यांना साधारण कळत असे, पण गालाला लावायच्या पावडरीपर्यंत मजल जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"हा पुलाचा रंग आहे," सबनीस म्हणाले.

"कुठल्या पुलाचा?"

"कुठल्याही! हे बघ, आयर्न ऑक्साइड. म्हणजे आपला रेड ऑक्साइड, लोखंड गंजू नये म्हणून लावतात तो. टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढऱ्या ऑइलपेंटात असतो तो. आणि हा अभ्रक! अभ्रक घातलेल्या पेंटचे किती ड्रम मी परत पाठवलेत, माहीत आहे? आणि ही बाई ते माझ्या मुलीच्या गालाला फासायला निघाली आहे."

"बरंच आहे की. गंज नाही लागायचा गालाला."

"तुला थट्टा सुचतेय. विहीण जर अशी फसवाफसवी करत असेल, तर मुलगा कसा असेल?"

"अच्छा, म्हणजे पावडरीवरून मुलगा?" वासंतीबाईंनी एक निःश्वास सोडला आणि त्या लसूण सोलायला परत गेल्या. त्यांचा सगळ्यांवरच विश्वास बसतो, ही सबनीसांची जुनी तक्रार होती.

पण एकाच नमुन्यावरून निकाल देणं हे सबनीसांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तुलना पाहिजे. म्हणून त्यांनी पद्मजाच्या ड्रॉवरमधून तिची परदेशी सोनेरी डबी काढली, आणि शनिवारी स्वतः लाजपत नगरला जाऊन फूटपाथवरून गुलाबी चमकीची एक बाटली आणली. विकणाऱ्याला त्यांनी विचारलं, "इसमें क्या क्या है, भाई?" त्यावर तो म्हणाला, "चमक है, अंकल जी." एवढं स्पष्ट उत्तर देणारा माणूस नक्कीच काहीतरी लपवत असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं.

मग तिन्ही नमुने टेबलावर मांडून तुलना सुरू झाली. परदेशी डबीच्या मागे एवढी लांबलचक नावं होती की भिंगाचा हात दुखू लागला. शंखजिरं होतं, नायलॉनची पूड होती, सिलिकोन होतं, खाणीतला अभ्रक होता आणि कारखान्यात बनवलेला नकली अभ्रकही होता. "दोन-दोन अभ्रक कशाला?" सबनीस पुटपुटले. शेवटी कार्माइन नावाचा लाल रंग होता. तो त्यांनी मोबाइलवर शोधला आणि ते ताडकन उठून उभे राहिले.

"वासंती, किडे आहेत यात! निवडुंगावरचे किडे वाळवून, कुटून हा लाल रंग करतात. आणि इथं लिहिलंय, काही चमकींमध्ये माशाच्या खवल्यांचा अर्क असतो."

"परवा आयएनए मार्केटातून पापलेटं कुणी आणली?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "ते खवले तुम्हाला गोड लागले."

"ते मी पोटात घातले. तोंडाला नाही फासले."

लाजपत नगरच्या बाटलीवर घटकांचं नावच नव्हतं. एक मोर होता आणि 'चोवीस तास टिकेल' एवढंच इंग्रजीत लिहिलं होतं. रणदिव्यांच्या डबीवर मात्र सगळी मिळून पाचच नावं होती, ठळक, सुवाच्य. परदेशी डबीत फार होतं म्हणून सबनीसांना संशय आला, बाटलीवर काहीच नव्हतं म्हणून आला, आणि रणदिव्यांनी सगळं सरळ लिहिलं होतं म्हणून सर्वांत जास्त आला. पाच वस्तूंत एवढी चमक येते कशी? सहावं काहीतरी असलंच पाहिजे. आणि ते बाहेर काढायला आता प्रत्यक्ष चाचणीशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

चाचणीला गुळगुळीत, स्वच्छ पृष्ठभाग लागतो. पत्र्यावर पेंटची चाचणी होते, पण हा माल कातडीचा. दंडावर केस होते, हाताच्या पाठीवर सुरकुत्या होत्या. वासंतीबाईंचा गाल मागितला तेव्हा त्यांनी फक्त एकदा बघितलं, आणि तो विषय संपला. रविवारी जेवण झाल्यावर सबनीस आरशासमोर विचार करत उभे राहिले आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. घरात एवढा एकसारखा, तुकतुकीत, बिनकेसाचा पृष्ठभाग असताना ते उगीच इकडेतिकडे शोधत होते.

त्यांनी टकलावर कपाळापासून मागेपर्यंत चिकटपट्टी लावून चार रुंद पट्टे आखले. पहिल्यात परदेशी सोनेरी, दुसऱ्यात लाजपत नगरची गुलाबी, तिसरा तुलनेसाठी कोरा, चौथ्यात रणदिव्यांची रुपेरी. मग चिकटपट्ट्या काढल्या आणि ते जानेवारीच्या उन्हात बाल्कनीत खुर्ची टाकून बसले. ऊन, वारा, धूळ, घाम, सगळ्याला माल किती टिकतो हे पाहायचं होतं. दुपारचे दोन वाजले होते. पाहुणे पाचला येणार होते. चाचणी, धुलाई आणि निकाल आटोपून नवा झब्बा घालायला भरपूर वेळ होता.

समोरच्या बाल्कनीत चढ्ढासाहेब संत्रं सोलत होते. त्यांनी पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं.

"सबनीस साब, होली तो मार्च में है!"

"टेस्टिंग चल रही है," सबनीस गंभीरपणे म्हणाले.

"अच्छा जी," चढ्ढासाहेब म्हणाले आणि संत्रं घेऊन आत गेले. थोड्या वेळाने त्यांच्या पडद्याआडून त्यांची बायको, सून आणि दोन नातवंडं आळीपाळीने बघून गेली.

बाहेर तासभर झाला असेल नसेल तोच दाराची घंटा वाजली. वासंतीबाईंनी दार उघडलं. त्यांचा "अरे वा, या या!" असा नेहमीपेक्षा जास्त गोड आवाज ऐकून सबनीसांचे कान टवकारले. मागोमाग वासंतीबाई बाल्कनीत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पाहुण्यांसाठीचंच होतं, पण आवाज दाताखालून आला.

"रणदिवे आलेत."

"आत्ता? पाचला यायचे होते!"

"मेट्रो लगेच मिळाली म्हणतात. अहो, हे काय करून ठेवलंय डोक्याचं? धुवा आधी!"

सबनीसांच्या तोंडचं पाणी पळालं. ते भिंतीच्या कडेकडेने न्हाणीघरात शिरले. साबण लावून चोळचोळ चोळलं. साबणाने एवढंच झालं की सोनेरी आणि रुपेरी पूड सैल होऊन कानांवर, भुवयांवर, मानेवर पसरली. गुलाबी पट्टा जागचा हलला नाही. चोवीस तास टिकेल हे त्या बाटलीवरचं एकुलतं एक विधान खरं निघालं होतं, आणि ते तपासून पाहणारे पहिले गृहस्थ बहुधा सबनीसच असावेत.

शेवटी त्यांनी तोंड कसंबसं पुसलं, खुंटीवरची लोकरी कानटोपी कपाळापर्यंत ओढली, हनुवटीखाली बटण लावलं आणि ते बैठकीच्या खोलीत आले.

सोफ्यावर सूर्यकांत रणदिवे बसले होते, गोल चेहऱ्याचे, समाधानी. कुठलीही वस्तू समोर आली की "वा, छान" म्हणायची त्यांना सवय असावी. जयंत खुर्चीच्या काठावर होता. आणि मधोमध विजयालक्ष्मी रणदिवे. ताठ बसलेल्या, साधी सुती साडी, जाड काचांचा चष्मा, आणि चेहऱ्यावर पावडरचा कणही नाही. स्वतः चमकी बनवते आणि स्वतः लावत नाही, हे सबनीसांनी मनात टिपून ठेवलं.

विजयालक्ष्मीबाईंची नजर त्याच वेळी कानटोपीवर खिळली होती.

"थंडी वाजतेय?" त्यांनी विचारलं.

"जरा सर्दी आहे."

"खोलीत हीटर चालू आहे की."

"हो, म्हणजे… सर्दी जुनी आहे."

"वा, छान," सूर्यकांतराव सवयीने म्हणाले, आणि चिरोट्याकडे वळले.

पद्मजा चहा घेऊन आली. बोलणं कामधंद्यावर गेलं, धुक्यावर गेलं, आणि हीटरच्या समोरची खुर्ची सबनीसांच्या वाट्याला आलेली असल्याने त्यांना टोपीखाली दरदरून घाम फुटला. तो ओघळ कपाळावरून खाली यायला लागला. सबनीसांनी रुमालाने टिपला. दुसरा कानशिलावरून आला, तोही टिपला. विजयालक्ष्मीबाईंचा चहाचा कप हातातच राहिला, कारण तो घाम सोनेरी होता. रुमालावर लखलखीत डाग पडला होता.

"सबनीस," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कसलं औषध चालू आहे का?"

"छे! कसलं औषध?"

"रागावू नका. आपण सोयरीक करतोय, म्हणून विचारते. तुमच्या घराण्यात कुणाला त्वचेचं काही? तुमच्या वडिलांना? मानेवर तुमच्या… काहीतरी आहे."

सबनीसांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी शेकडो माणसांना असे प्रश्न विचारले होते, पण आपल्याला कुणी विचारील ही कल्पनाही त्यांनी केली नव्हती. "आमच्या घराण्यात काही नाही," ते म्हणाले. "सात पिढ्या ठणठणीत."

"मग टोपी काढा."

"काय?"

"मी न सांगता लवकर आले ती उगीच नाही आले. मेट्रोबिट्रो निमित्त. वेळ देऊन गेलं की सगळी घरं छानच दिसतात. मला खरं घर बघायचं होतं. आणि इथं येऊन बघते तर मुलीचे वडील हीटरसमोर कानटोपी घालून बसलेत, आणि घाम असा गळतोय. लपवण्यासारखं काही नसेल तर काढा टोपी."

"आई!" जयंत म्हणाला.

"तू गप्प बस. तुला सगळंच चांगलं दिसतं, तुझ्या बाबांसारखं."

"मी टोपी काढणार नाही," सबनीस म्हणाले. स्वतःच्या घरात स्वतःच्या टोपीवरून हुकूम ऐकून घ्यायचा, हे त्यांना मानवत नव्हतं.

विजयालक्ष्मीबाईंनी कप खाली ठेवला. "अहो," त्या सूर्यकांतरावांना म्हणाल्या, "उठा. हे लोक काहीतरी लपवतायत. अशा घरात मला मुलगा द्यायचा नाही."

सबनीसांचं लक्ष पद्मजाकडे गेलं. ती चहाचा रिकामा ट्रे छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती. ती नुसती वडिलांकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग नव्हता, थकवा होता. इतक्या मुलांना आपण घराबाहेर घालवलं तेव्हाही ती अशीच बघत असणार आणि आपण एकदाही मान वर करून पाहिलं नाही, हे सबनीसांना त्या क्षणी कळलं आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. माझी फजिती झाली तरी चालेल, पण ही अशी उभी राहायला नको.

त्यांनी बटण काढलं आणि टोपी ओढून मांडीवर ठेवली.

सोनेरी पट्टा सबंध टाळूवर पसरला होता, गुलाबी होता तस्साच होता, कडेला चांदी चमकत होती, आणि हीटरच्या उजेडात सगळं डोकं देवघरातल्या समईसारखं लखलखत होतं.

"वा," सूर्यकांतराव म्हणाले, "छान." या वेळी ते मनापासून म्हणाले असावेत.

"तपासणी करत होतो," सबनीस खाली मान घालून म्हणाले. "तुमची पावडर. मुलीच्या तोंडाला लावायच्या आधी माझ्या डोक्याला लावून पाहिली. मी पेंट इन्स्पेक्टर होतो. दुसरं काही येत नाही मला."

विजयालक्ष्मीबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं, चालल्या. पण त्या सबनीसांच्या खुर्चीमागे गेल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून ते डोकं अगदी जवळून पाहू लागल्या.

"कोरा पट्टा कुठाय? तुलनेला?"

"दुसऱ्याच्या शेजारी. धुताना गेला."

"धुवायला नको होतं. ऊन किती वेळ?"

"तासभर. वाराही होता."

"बरोबर केलंत," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला ताठा कुठल्या कुठे गेला होता. "हा रुपेरी माझा. पसरला, पण खाज नाही ना? ही गुलाबी कुठली घेतलीत? शी! ही आधी निघायला पाहिजे. अहो, पण हे सगळं केलंत कशासाठी?"

सबनीसांना धीर आला. "तुमच्या मालात आयर्न ऑक्साइड आहे. तोच पुलाला लावतात."

"मीठही चामडं कमवायला वापरतात. म्हणून आमटीत घालायचं नाही का? नाव तेच असतं, माल वेगळा असतो. पुलाचा ऑक्साइड खाणीतून येतो तसा जातो. माझा वेगळा बनवलेला असतो, शिसं किती, आर्सेनिक किती, सगळं तपासून येतो. अभ्रकाचंही तेच."

"कोण तपासतं?"

"लॅब. आणि मग मी पुन्हा. लॅबवर काय भरवसा?"

सबनीसांनी मान वळवून त्या बाईकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"पण फक्त पाचच घटक?" त्यांनी शेवटचा डाव टाकला.

"सहावा कशाला लागतो ते तुम्हीच मला दाखवा. कारखान्यात या. कधीही या. न सांगता या."

न सांगता या! सबंध नोकरीत एकाही कंत्राटदाराने सबनीसांना असं आमंत्रण दिलं नव्हतं. इतकी वर्षं ते जे माणूस शोधत होते ते गाझियाबादला राहत होतं, आणि आयुष्यभर त्याची गाठ पडली नव्हती.

"वासंतीताई, खोबरेल तेल आणा आणि कापूस," विजयालक्ष्मीबाईंनी फर्मावलं. "हे साबणाने जन्मात निघणार नाही. तेलानेच सुटतं."

तेल आलं. मुलीच्या बापाने सोफ्यासमोर पाटावर बसायचं आणि मुलाच्या आईने त्याच्या टकलावर कापसाचा बोळा फिरवायचा, असली बैठक कुठल्याच घराण्यात झाली नसेल. पण बोलणी मात्र सुरळीत चालली. दोघांचं प्रत्येक गोष्टीत एकमत होत होतं. कार्यालय आधी जाऊन, भिंती ठोकून बघायचं. आचाऱ्याकडून सगळं अन्न आधी करवून घ्यायचं आणि तूप वासावरून नव्हे, वितळवून तपासायचं. पद्मजा आणि जयंत एकमेकांकडे चोरून बघत होते. पद्मजाच्या गालावर कित्येक दिवसांनी खळी पडली होती, आणि ती पाहून सबनीसांना इतकं बरं वाटलं की गुलाबी पट्टा खरवडताना आलेला चुरचुराही त्यांना जाणवला नाही.

"स्थळ पास," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायची घरात कुणाला सवय नव्हती.

"माझ्याकडूनही," विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या. "आत्तापर्यंत मीही पुष्कळ मुली परत पाठवल्यात. ही चांगली आहे."

"एक राहिलं," सबनीस म्हणाले. "धार्मिक विधी होतील ते होतील, पण कोर्टाची नोंदणीही व्यवस्थित झाली पाहिजे. नोटीस महिनाभर आधी लावावी लागते. कागद मी स्वतः तपासणार."

"मीही बघणार," विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या.

सूर्यकांतराव दुसरा चिरोटा घेत होते. "ती कशाला परत?" ते म्हणाले.

कापसाचा बोळा जागच्या जागी थांबला.

"परत?" सबनीस म्हणाले.

"परत?" विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या.

सूर्यकांतरावांनी चिरोटा बशीत ठेवला आणि आधाराला वासंतीबाईंकडे पाहिलं. वासंतीबाईंनी पदर सारखा केला.

"बाबा," पद्मजा पुढे आली. "नोव्हेंबरमध्ये झालं आमचं लग्न. एसडीएम ऑफिसात, नोंदणी करून. तुम्ही इकडून आणि जयंतच्या आई तिकडून, तुम्ही दोघं मिळून कधीच हो म्हणाला नसतात. आणि तुम्ही नाही म्हणाला असतात तर मला तुम्हालाही सोडता आलं नसतं आणि ह्यालाही. मग मी काय करायचं होतं, सांगा ना? आम्हाला तुम्ही हो म्हणायला हवे होतात. म्हणून आजची बैठक."

"नोटीस!" सबनीसांना दुसरं काही सुचेना. "नोटीस महिनाभर बोर्डावर असते!"

"होती ना," वासंतीबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही त्या महिन्यात गॅसवाल्याच्या मागे होतात. सिलिंडरं वजन करून परत पाठवत होतात."

"तुला… तुला माहीत होतं?"

"साक्षीदार लागतात. एक सही माझी आहे, एक ह्यांची." त्यांनी सूर्यकांतरावांकडे बोट केलं. "आणि एक पद्मजाच्या मैत्रिणीची, लतिकाची. मग आम्ही सगळ्यांनी छोले-भटुरे खाल्ले."

"छान होते," सूर्यकांतराव पुटपुटले.

सबनीस बायकोकडे बघत राहिले. दूधवाल्यावर, गॅसवाल्यावर, पुण्याच्या इंजिनिअरवर, पाच घटकांच्या डबीवर, साऱ्या जगावर त्यांनी संशय घेतला होता. एकट्या वासंतीवर कधी घेतला नव्हता, कारण ती भोळी होती. मनाला लागलं त्यांच्या. पण लेकीची खळी अजून तिथेच होती, आणि स्थळ पास असं ते सगळ्यांसमोर बोलून बसले होते. दिलेला निकाल त्यांनी कधीही फिरवला नव्हता.

ते ओरडायला म्हणून उठू लागले, तेव्हा मागून दोन हातांनी त्यांचं डोकं घट्ट धरून खाली बसवलं.

"हलू नका," विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा ओला झाला होता. "डोळ्यात जाईल. ह्यांच्याकडे मी घरी गेल्यावर बघते."

सबनीस मुकाट्याने बसले. त्या सगळ्या खोलीत त्यांना भरवसा टाकता येईल असं आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते त्यांच्या टकलाला खोबरेल तेल चोळत होतं.